वेनझोऊचा सिग्नल

आता निंगबो–ताइझोऊ–वेनझोऊ मार्गाकडे येऊ. झेजियांगच्या किनाऱ्यावरची ही वेगवान रेल्वे २००९ मध्ये सुरू झाली. २३ जुलै २०११ च्या रात्री वीज पडली आणि सिग्नल यंत्रणेतला फ्यूज उडाला. बिघाड झाला की सिग्नल लाल व्हायला हवा, हा रेल्वेचा फार जुना नियम. इथे उलटंच झालं बघा: पुढे गाडी असताना मार्ग मोकळा दिसत राहिला. मागची गाडी आदळली, चार डबे पुलावरून खाली कोसळले, ४० माणसं गेली. मग अपघातातले डबे तिथेच पुरले, तेव्हा मात्र लोक खवळले. ते पुन्हा उकरावे लागले! डिसेंबरातल्या चौकशी अहवालाने सगळा दोष विजेवर ढकलला नाही. यंत्रणेची रचनाच सदोष ठरवली आणि ५४ अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं.