तीन अष्टमांश इंच

जांबोटीला रेल्वे कधी आली नाही. गावातला रस्ता कणकुंबीवरून चोर्ला घाटात उतरतो. गाडी धरायची तर खानापूर नाहीतर लोंढा गाठावा लागतो. पण लोंढ्याहून तिनईघाट, कॅसल रॉक करत दूधसागरच्या अंगाने गोव्यात उतरणाऱ्या कोळशाच्या गाडीची आठवण या पट्ट्यात जितक्या जिव्हाळ्याने निघते, तितक्या जिव्हाळ्याने ती स्टेशन असलेल्या गावांतही क्वचितच निघत असेल. त्या आठवणींत धूर असतो, शिट्टी असते, घाट चढताना मागून जोडलेले दुसरे इंजिन असते. माझे मन मात्र त्या इंजिनाच्या चाकांखालच्या एका मापात अडकले आहे. दोन रुळांमधले अंतर तिथे ३ फूट ३ पूर्णांक ३/८ इंच होते.

३ फूट ३ इंच म्हणजे सव्वातीन फूट. हा आकडा समजण्यासारखा आहे. त्यावर चिकटलेला तीन अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलिमीटर, कुठून आला?

मोठ्या रुळांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. डलहौसीच्या काळात साडेपाच फूट रुंदी ठरली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढे खर्च डोईजड होऊ लागला. त्याच सुमारास, १८७० साली, वेल्समधल्या फेस्टिनिऑगच्या जेमतेम दोन फुटी रुळांवर रॉबर्ट फेअर्लीच्या ‘लिटल वंडर’ इंजिनाने भलेमोठे वजन ओढून दाखवले आणि अरुंद रुळांचा बोलबाला झाला. हिंदुस्थानसाठी स्वस्त रुंदी सुचवायला समिती बसली. स्ट्रॅची, डिकन्स आणि रेंडेल या तिघांचे मत पडले २ फूट ९ इंच. चौथे जॉन फाउलर, लंडनच्या भुयारी रेल्वेचे आणि पुढे स्कॉटलंडातल्या फोर्थ पुलाचे अभियंते, साडेतीन फुटांवर अडून बसले. निर्णय व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंकडे आला आणि त्यांनी मधला सव्वातीन फूट पसंत केला.

या रुंदीच्या तीन उपपत्ती सांगतात. पहिली, काटकसरीची. ती खरी असती तर तिघांचा पावणेतीन फूट जिंकायला हवा होता. स्वस्त तर तोच होता. दुसरी, बाकाची: एका ओळीत चार माणसे बसायची तर डबा साडेसहा फूट हवा, आणि त्याच्या निम्मे सव्वातीन फूट. ही उपपत्ती देखणी आहे, पण ती बरोबर सव्वातीन फुटांवर येऊन थांबते. तीन अष्टमांश इंचाचा हिशेब तिच्याकडे नाही. तो हिशेब फक्त तिसरीकडे आहे, आणि ती सरळ पॅरिसला जाऊन भिडते.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत डेलांब्र आणि मेशँ या दोन शास्त्रज्ञांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत पृथ्वीचा कंस मोजला आणि उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे माप जगाला दिले. इंग्रजांनी ते आपल्या घरात घेतले नाही. मेयोंच्या सरकारला मात्र वाटत होते की हिंदुस्थानात दशमान माप येणार आणि लवकरच येणार. १८७१ साली वजनांचा कायदाही झाला. त्यात शेर हा एका किलोग्रॅमइतका धरला होता. मग नव्या रुळांनी येत्या काळाचे माप का घेऊ नये? सव्वातीन फूट थोडा ताणला की मीटर होतो. तो ताण म्हणजेच आपला तीन अष्टमांश इंच.

कायदा अमलात आलाच नाही. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात मेयोंची हत्या झाली. पण वर्षभरात दिल्ली-रेवाडी मार्गावर मीटरगेजची पहिली गाडी सुरू झाली होती. खानापूरच्या वाण्याच्या तागडीत किलो यायला १९५८ नंतरचा काळ उजाडावा लागला. तोवर शेजारच्या रुळांवर मीटर सत्तर वर्षे राबत होता. कायद्याने टाकलेले माप लोखंडाने जपले, याचे मला अपार कौतुक आहे.

आता आपल्या घाटाकडे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक होरपळले. धान्य पोचवता आले नाही म्हणून माणसे मेली, हा धडा घेऊन १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. तिने मीटरगेज घेतला. त्याआधीच १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला होता. त्यात मुरगाव बंदराची रेल्वे होती, तसेच गोव्यातल्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रणही होते. जे मीठ घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून वर येई, त्याच्या व्यापाराची सूत्रे आणि नवे रूळ असे एकाच कागदावर आले. १८८८ साली मुरगावहून निघालेले रूळ कॅसल रॉकला भिडले.

गोव्याच्या बाजूने मीटर का, याचे नेहमीचे उत्तर सोपे आहे. वरची कंपनी मीटरगेजची, म्हणून खालचीही. नाहीतर सगळा माल सरहद्दीवर एका डब्यातून दुसऱ्यात भरावा लागला असता. हे कारण मी नाकारत नाही. शिवाय रुंदी कमी म्हणजे वळण आवळ घेता येते, आणि सुमारे चाळीस फुटांना एक फूट चढणाऱ्या आपल्या या ब्रागांझा घाटात ती सोय लाखमोलाची होती. पण एक गोष्ट या उत्तरात सुटते. पोर्तुगालने १८५२ मध्येच मीटर आपले अधिकृत माप म्हणून स्वीकारला होता. म्हणजे वरच्या कंपनीला जे माप फूट, इंच आणि अपूर्णांकांत लिहावे लागे, ते खालच्या बाजूला सरळ ‘एक मीटर’ होते. कारवार-हुबळी रेल्वेची योजना मागे पडली आणि मुरगाव पुढे आले, त्यात मिठाचे आणि व्यापाराचे राजकारण मोठे होते. तरी लिस्बनच्या टेबलावर पसरलेल्या नकाशातली रुंदी तिथल्या अभियंत्यांना परकी वाटली नाही, याचाही थोडा हात असणार, असा माझा ठाम तर्क आहे. ज्या मापाला इंग्रजी राज्यात घर मिळाले नाही, त्याला कॅसल रॉकच्या सरहद्दीवर आपले माणूस भेटले.

या रुंदीने देशाला दिलेला मान लहान नाही. संपूर्णपणे भारतात घडलेले पहिले इंजिन म्हणून जे ओळखले जाते ते एफ-७३४, अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली बनलेले, मीटरगेजचे. आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. चित्तरंजनच्या कारखान्यातून निघालेले शेवटचे वाफेचे इंजिनही मीटरगेजचेच, वायजी वर्गातले, १९७२ सालचे. म्हणजे देशात घडलेल्या वाफेच्या इंजिनांच्या कथेचे पहिले आणि जवळजवळ शेवटचे पान या एकाच रुंदीवर लिहिलेले आहे.

१९९२ मध्ये सर्व रूळ एका रुंदीचे करण्याचे धोरण आले आणि नव्वदच्या दशकात आपल्या घाटातही मोठे रूळ पडले. माल न बदलता देशभर जाऊ लागला. ते गरजेचेच होते. पण जतनाचा प्रश्न तिथून अवघड झाला. मोठ्या रुळांचे जुने इंजिन दुरुस्त केले की ते कुठल्याही मार्गावर खास गाडी घेऊन निघू शकते. १८५५ सालची ‘फेअरी क्वीन’ १९९७ पासून तशी धावली. मीटरगेजच्या इंजिनाची दुरुस्ती कितीही उत्तम केली, तरी त्याला जायला वाट उरली नाही. म्हणून ते रंगवून चौथऱ्यावर चढवतात. चौथऱ्यावर नळ्या दिसतात, चाके दिसतात; पाणी तापून दाब चढणे, दट्ट्याने चाक फिरवणे, चढावर धाप लागणे यांतले काही दिसत नाही.

वाट ठेवली तर काय होते, याचे दाखले समोर आहेत. निलगिरीची दातेरी गाडी बरोबर एक मीटरवर चालते, तिथे वाफ अजून जिवंत आहे आणि २००५ पासून ती जागतिक वारशात आहे. जिथे मीटरगेजची पहिली गाडी पोचली त्या रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये वायजी, वायपी वर्गातली इंजिने सांभाळली आहेत. पोर्तुगालमध्ये व्होगा मार्ग आजही मीटरवर धावतो आणि त्याच मार्गावर मासिन्याता इथे जुन्या इंजिनांचे संग्रहालय आहे. वेल्समधली टालिलिन रेल्वे तर १९५१ पासून हौशी स्वयंसेवकांनीच चालवली, आणि जगभरच्या रेल्वेजतनाला तिथून बळ मिळाले.

घाटातली जुनी वाट मोठ्या रुळांनी घेतली आहे, ती परत मागण्यात अर्थ नाही. लोंढा किंवा तिनईघाटच्या आवारालगत दोन किलोमीटर मीटरगेज पुन्हा टाकता येईल, आणि त्यावर एक वायजी किंवा वायपी वर्षातून काही दिवस वाफेवर आणता येईल. पाणी, शेड आणि काम शिकायला तयार असलेली पोरे या पट्ट्यात आहेत. कोळसा आणि जुने कारागीर बाहेरून आणावे लागतील. इंजिन जपायचे तर त्याची रुंदीही जपली पाहिजे, आणि ती मागणी करण्याचा पहिला हक्क या घाटाखालच्या आणि घाटावरच्या माणसांचा आहे.