विजेरींतील दिवा आणि त्याची मोजपट्टी

काळोखांत वाट दिसावी ही माणसाची फार जुनी गरज. मशाल, पणती, कंदील अशा पायऱ्या चढत ती विजेरीपर्यंत येऊन पोंचली. आणि विजेरींतला दिवा बदलत गेला तसतशी त्याची थोरवी मोजण्याची पट्टीहि बदलत गेली.

डेव्हिड मिसेल यांच्या नळीच्या आकाराच्या विजेरीला अमेरिकेंत १० जानेवारी १८९९ रोजीं पेटंट मिळालें. त्या वेळचे घट इतके दुबळे होते, कीं दिवा क्षणभर लावून लगेच विझवावा लागे. पुढें घट सुधारले, पण दिव्याचें तत्त्व तेंच राहिलें. तार तापवावयाची आणि ती उजळावयाची! बहुतेक शक्ति उष्णतेंतच वायां जाई.

तार न तापवितां प्रकाश मिळूं शकतो, हें हेन्री राउंड यांनीं १९०७ सालींच कार्बोरंडमच्या स्फटिकांत पाहिलें होतें. रशियाच्या ओलेग लोसेव्ह यांनीं पुढें त्याचा चिकाटीनें अभ्यास केला. परंतु १९४२ सालीं लेनिनग्राडच्या वेढ्यांत त्यांना मृत्यु आला. निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं तांबडा एलईडी दिवा सिद्ध केला. वाट चालण्यास मात्र पांढरा प्रकाश हवा, आणि त्यासाठीं आधीं निळा हवा. तो तेजस्वी निळा दिवा जपानच्या निचिया कंपनींत शुजी नाकामुरा यांनीं १९९३ सालीं साधला; त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर चढवून १९९६ सालीं पांढरा दिवा बाजारांत आला.

हे पहिले पांढरे दिवे नाजूक होते. त्यांची उष्णता दोन बारीक पायांवाटेंच बाहेर पडे. लुमिलेड्स कंपनीच्या ‘लक्सियन’ दिव्यांत चकतीखालीं धातूचा जाड तुकडा बसवून उष्णतेला वाट करून दिली, आणि एक वॉटाचा भार पेलणारा, सुमारें २५ ल्यूमेन प्रकाश देणारा दिवा हातीं आला. तेव्हां ग्राहक वॉटांवरून दिव्याची पारख करी. २००६ सालीं क्री कंपनीच्या ‘एक्सआर-ई’नें एक वॉटाहून किंचित् अधिक शक्तींत ८० ल्यूमेन दिले, आणि वॉटाची पट्टी निरुपयोगी ठरली. २०१० सालीं घोषित झालेल्या ‘एक्सएम-एल’नें तर १० वॉटांत १००० ल्यूमेन गांठले.

येथेंच नवा भ्रम उपजला. ‘एक्सआर-ई’ची चकती सुमारें १ चौरस मिलिमीटर, तर ‘एक्सएम-एल’ची ४. प्रकाश वाढला तो बराचसा पृष्ठभाग वाढल्यामुळें. परावर्तक तोच असेल, तर झोत किती दूर जाईल हें दर चौरस मिलिमीटरामागें निघणाऱ्या तेजावर ठरतें. म्हणून हजार ल्यूमेनची विजेरी सारें अंगण उजळून टाकील, पण नदीच्या पैलतीरावरचा माणूस दाखवीलच असें नाहीं. ऑस्राम कंपनीची घुमटाविरहित चपटी चकती कमी ल्यूमेनांत तो दाखवूं शकते. कारण दिव्यावरचा घुमट अधिक प्रकाश बाहेर काढतो खरा, पण त्याचा उगम मोठा भासवितो.

२००९ सालीं अमेरिकेंत ‘एफएल-१’ हें प्रमाण ठरलें. झोताचा प्रकाश जेथें पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो, तें अंतर म्हणजे विजेरीचा पल्ला. पल्ला दुप्पट करावयाचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. एकूण प्रकाशाचें मापनहि दिवा लावल्यावर अर्ध्या मिनिटानंतर करावें असें ठरलें, कारण तापतां तापतां तेज उतरतें. लहानशा विजेरींत तें पुढें आणखीहि उतरतें. वेष्टनावरचा आकडा मात्र तसाच राहतो.

उरली रंगांची पारख. निळसर पांढऱ्या झोतांत तांबडा रंग मलूल दिसतो. रात्रीं रानांत जखम तपासणाऱ्यास रक्त आणि चिखल यांतील भेद कळला नाहीं, तर हजार ल्यूमेन काय कामाचे? निचियाच्या ‘२१९’ मालिकेंतील कांहीं दिव्यांनीं रंगांच्या यथार्थतेंत शंभरापैकीं ९० हून अधिक अंक मिळविले, तेहि थोडा प्रकाश गमावून. आणि जाणकारांनीं तो सौदा आनंदानें पत्करला.

वॉट, ल्यूमेन, पल्ला, रंग. प्रत्येक पट्टीनें मागचीची उणीव दाखविली, पण तिला पुरतें बाद केलें नाहीं. सर्वांत उत्तम दिवा कोणता असें विचारणाऱ्यानें आपणांस कोणत्या अंधारांत आणि काय पाहावयाचें आहे, हें आधीं ठरविलेलें बरें.