झाकणाच्या साच्यातील दोषस्थान-विचार

‘साचा’ या शब्दाने येथे प्रेसवर बसवलेले ते उपकरण अभिप्रेत आहे, जे सपाट पत्र्याला एका किंवा अनेक आघातांत नियत आकार देते. त्याचे मुख्य अवयव दोन. जो आत शिरतो तो पंच आणि ज्यात शिरतो ती डाय. कारखान्यात संपूर्ण संचालाही ‘डाय’ म्हणण्याचा प्रघात आहे. या विवेचनात मात्र संचाला साचा आणि अवयवाला डाय म्हटले आहे. ‘दोष’ म्हणजे अभिप्रेत आकार व प्रत्यक्ष आकार यांतील अंतर. कापलेल्या कडेवरील बर, पत्र्यावरील सुरकुती आणि दाब निघताच पत्र्याचे किंचित मागे येणे, हे सर्व दोषातच मोडते. दोष पूर्णतः नाहीसा करता येत नाही. त्याचे स्थान मात्र निवडता येते. साच्याचे संकल्पन म्हणजे ही निवड, असे येथे प्रतिपादन आहे.

उदाहरण म्हणून रत्नागिरीच्या हापूस रसाच्या डब्याचे झाकण घेतले आहे. हा रस सामान्यतः दोन आकारांच्या डब्यांत भरला जातो: ८५० ग्रॅमचा आणि ३.१ किलोचा. व्यवहारात पहिल्याचा व्यास ४०१ आणि दुसऱ्याचा ६०३ या अंकांनी सांगतात. पहिला अंक पूर्ण इंच आणि पुढचे दोन अंक सोळांश इंच, अशी ती वाचनपद्धती आहे. म्हणजे ४०१ हा सव्वाचार नव्हे, तर चार पूर्णांक एक सोळांश इंच होय. हे माप शिवणीसकट बाहेरचे आहे. आतला व्यास अनुक्रमे ९९ व १५३ मिमी धरतात.

पीटर ड्युरँड याने १८१० मध्ये इंग्लंडमध्ये टिनच्या डब्याचे पेटंट घेतले. त्या काळच्या पद्धतीत झाकण डाकाने जोडले जाई. झाकणाची कड कशीही कापलेली असली तरी डाक ती झाकून टाकी, त्यामुळे साच्यावरील जबाबदारी अल्प होती. पुढे दुहेरी शिवण आली आणि ही जबाबदारी डाकाकडून साच्याकडे गेली. दुहेरी शिवणीत झाकणाच्या पत्र्याचे तीन आणि डब्याच्या अंगाचे दोन, असे पाच थर एकमेकांत अडकवून दाबलेले असतात. पत्रा ०.२५ मिमी धरल्यास त्या पाच थरांची जाडी १.२५ मिमी होते. रस आत आणि जंतू बाहेर ठेवण्याचे कार्य एवढ्या जाडीत व्हावयाचे असते.

यावरून संकल्पनाचा क्रम ठरतो. झाकणावर होणाऱ्या क्रिया कालक्रमाने तीन: छेदन, रूपण आणि वलन. छेदनात चकती कापली जाते, रूपणात तिला तबकासारखा आकार येतो, वलनात काठ आत वळवला जातो (कर्लिंग). त्यानंतर वळलेल्या काठात सीलबंदीचा रबरी लेप भरतात आणि शिवण शेवटी रस भरल्यावर घातली जाते. संकल्पनाचा क्रम मात्र याच्या उलट हवा. शिवणीला काठ किती लागतो हे ठरल्यावाचून वलन ठरत नाही, वलनावाचून तबकाचा काठ ठरत नाही आणि काठावाचून चकतीचा व्यास ठरत नाही. नवशिक्या संकल्पकाला चकतीपासून आरंभ करण्याचा मोह होतो, कारण आराखड्यावर वर्तुळ काढणे सर्वांत सोपे असते.

विवेचन मात्र क्रियांच्या क्रमानेच करू. प्रथम छेदन. पंच पत्र्यात शिरतो तेव्हा कडेवर चार पट्टे उमटतात: प्रथम गोलसर वळलेला, मग चकचकीत, मग खरबरीत तुटलेला आणि शेवटी बर. प्रत्येक पट्ट्याची रुंदी मुख्यतः पंच व डाय यांमधल्या अंतराने, म्हणजे क्लिअरन्सने ठरते. सौम्य पोलादासाठी हे अंतर एका बाजूस जाडीच्या ५ ते १० टक्के धरतात. ०.२५ मिमी पत्र्यासाठी ६ टक्के घेतल्यास ते ०.०१५ मिमी येते. जाड पत्र्याच्या साच्यात एवढी चूक खपून जाते. येथे तेवढे संपूर्ण अंतरच आहे. पंचाला डायवर नेमके उतरवणारे खांब आणि ते ज्यांत सरकतात ते बुश यांत किंचित ढिलेपणा असला, तर एका बाजूचे अंतर दुप्पट होते व समोरच्या बाजूचे शून्य. म्हणून पातळ पत्र्याच्या साच्यात अचूकतेचा मोठा हिस्सा पंचाला व डायला नव्हे, तर त्यांना मार्ग देणाऱ्या खांबांना द्यावा लागतो.

छेदनात मापाचा स्वामी कोण, हाही प्रश्न येतो. चकती उपयोगाची असेल तर तिचे माप डायवरून घ्यावे आणि क्लिअरन्स पंचातून वजा करावा. छिद्र उपयोगाचे असेल तर माप पंचावरून. डाय झिजते तेव्हा मोठी होते, म्हणून नवी डाय अनुमत मापाच्या खालच्या मर्यादेवर करावी. झीज हाही दोषच; तिला वाढण्यास जागा आधीच राखून ठेवावी लागते.

कापलेल्या कडेचा आणखी एक धर्म आहे. टिनप्लेट म्हणजे कथिलाचा पातळ थर दिलेला पोलादी पत्रा. जेथे तो कापला जातो तेथे पोलाद उघडे पडते. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत अशी कड गंजण्यास फार काळ लागत नाही. आंबट रसाशीही तिचा संपर्क नको. ही कड नाहीशी करता येत नाही, पण वलनामुळे ती आत जाते आणि शिवणीत डब्याच्या अंगाच्या थरांमध्ये लेपासह दडते. बर चकतीच्या पंचाकडील बाजूस येते, म्हणून चकती कोणत्या बाजूने कापावी हे काठ कोणीकडे वळणार यावरून ठरवावे, म्हणजे बर वळणाच्या पोटात राहते.

पत्र्याच्या विनियोगाचा विचार छेदनाशीच निगडित आहे. वर्तुळे कितीही दाटीने मांडली तरी षट्कोणी रचनेत पत्र्याचा ९०.७ टक्क्यांहून अधिक भाग व्यापता येत नाही. ही मर्यादा भूमितीने घातली आहे, कारागिरीने नव्हे. हिशेबासाठी चकती १२० मिमी आणि सर्वत्र मधली पट्टी १.५ मिमी धरू. एका ओळीच्या पट्टीत ७५.७ टक्के पत्रा कामी येतो, एकाआड एक सरकवलेल्या दोन ओळींत ८१.६ टक्के, तीन ओळींत ८३.७ टक्के. दुसऱ्या ओळीने जवळपास ६ टक्के वाचतात, तिसरीने जेमतेम २. साच्याची किंमत मात्र प्रत्येक ओळीगणिक वाढत जाते. जेथे मागणी वर्षातील दोन-अडीच महिन्यांतच एकवटते तेथे दोन ओळींवर थांबणे सयुक्तिक ठरते.

छेदनाला लागणारे बल परीघ, जाडी व पत्र्याची कर्तनशक्ती यांच्या गुणाकाराइतके. १२० मिमी चकतीचा परीघ ३७७ मिमी. कर्तनशक्ती चौरस मिमीस ३५० न्यूटन धरल्यास बल सुमारे ३३ किलोन्यूटन, म्हणजे सव्वातीन टनांहून थोडे अधिक येते. एवढ्यावरून प्रेस निवडल्यास चूक होते. झाकणाच्या मधल्या भागावरील वळ्या, म्हणजे गोलाकार उंचवटे, शेवटच्या क्षणी घट्ट दाबून उमटवाव्या लागतात आणि त्या क्षणाचे बल छेदनाहून मोठे असू शकते.

रूपणात दोन भिन्न भये आहेत: पत्रा फाटणे आणि पत्र्यास सुरकुत्या पडणे. झाकणाची खोली काही मिलिमीटरच असते, म्हणून फाटण्याचे भय गौण. यावरून काठ धरणाऱ्या दाबकड्याची गरज नाही असा निष्कर्ष काढला जातो, पण तो सदोष आहे. सुरकुतीचा संबंध खोलीइतकाच जाडी आणि व्यास यांच्या प्रमाणाशी आहे. येथे ०.२५ भागिले १२०, म्हणजे सुमारे ०.२ टक्के, हे प्रमाण अत्यल्प आहे. इतक्या लवचिक काठाला मोकळे सोडल्यास तो लाटा धरतो. त्या लाटा पुढे शिवणीत पाच थरांच्या मध्ये येतात, आणि तेथे त्यांना झाकणारे काहीच नसते. सुरकुती हा असा दोष आहे की त्याला निरुपद्रवी स्थान देता येत नाही. म्हणून तो होऊच न देण्याचा खर्च येथे करावा.

मधल्या वळ्यांचे प्रयोजन वेगळे आहे. रस आम्लधर्मी असल्याने भरलेला डबा उकळत्या पाण्याच्या तापमानावर प्रक्रिया सोसतो, मग थंड केला जातो. तापताना आत दाब वाढतो, निवताना निर्वात निर्माण होतो. दाबातील फरक अर्धे वातावरण धरला तर ९९ मिमी झाकणावर सुमारे ४० किलोचा भार येतो, १५३ मिमी झाकणावर ९५ किलोचा. सपाट पत्रा या भाराने फुगतो आणि फुगलेलाच राहू शकतो. फुगलेला डबा म्हणजे नासलेला माल, हे गिऱ्हाईक जाणते. आत रस उत्तम असला तरी तो डबा परत येतो. वळ्या झाकणाला वर व खाली दोन्ही दिशांनी हलून मूळ जागी येण्याची मुभा देतात. येथे विकृतीला बंदी नाही. तिला परतीची वाट करून दिली आहे.

छेदन व रूपण एकाच फेरीत करणारा साचा म्हणजे संयुक्त साचा. त्यात वरचे कडे बाहेरच्या कडेने चकती कापते, खालचे दाबकडे काठ धरून ठेवते आणि मधला गाभा तबकाचा आकार उमटवतो. अट एकच: छेदन पूर्ण झाल्यावाचून रूपणास आरंभ होऊ नये, अन्यथा दोन्ही बले एकत्र येतात आणि अर्धवट सुटलेली चकती ओढली जाऊन वाकडी होते. हा कालभेद अवयवांच्या उंचीतील फरकाने साधतात. त्यामुळे एक गुंतागुंत उद्भवते. कापणारे कडे बोथट झाल्यावर त्याचा माथा ०.२ मिमी ग्राइंड केला तर छेदन तेवढेच उशिरा होते आणि गाभा तेवढाच पुढे आल्यासारखा होतो. कड्याखाली त्याच जाडीची शिम, म्हणजे भरीची पातळ पट्टी, घातली नाही तर झाकणाची खोली बदलते. मग शिवणीत दोष दिसतो आणि ठपका सीमरवर, म्हणजे शिवण घालणाऱ्या यंत्रावर, ठेवला जातो. शिमची नोंद ठेवण्यास जागा नसलेला आराखडा अपुरा समजावा.

साच्याच्या द्रव्याविषयी थोडेच सांगणे आहे. कापणाऱ्या अवयवांना एचसीएचसीआर (उच्च कार्बन, उच्च क्रोमियम) पोलाद, ६० रॉकवेलच्या आसपास कठीण केलेले. कमी झीज होणाऱ्या भागांना ओएचएनएस (तेलात कठीण होणारे, न आकसणारे) पोलाद चालते. पत्र्याला लॅकर असेल तर आकार देणाऱ्या गोलाईला आरशासारखे पॉलिश हवे. रूपणानंतर झाकण पोकळीने पंचाला चिकटून राहू नये म्हणून गाभ्यात हवेला छिद्र ठेवावे. हे छिद्र आराखड्यावर क्षुल्लक दिसते आणि बहुधा विसरले जाते.

ऋतूचा विचार रत्नागिरीत टाळता येत नाही. हापूसचा हंगाम एप्रिल-मेचा, रसाचे काम जूनपर्यंत. साचा त्या काळात अखंड चालतो आणि मग पावसाळाभर पडून राहतो. म्हणून पुन्हा ग्राइंड करता येईल इतकी जादा उंची कापणाऱ्या अवयवांत आरंभीच ठेवावी आणि ते काम पावसाळ्यात करावे. दमट हवेत तेल लावलेले पत्रे एकमेकांस चिकटून जोडीने साच्यात शिरण्याचा संभव असतो. अशा वेळी जाडी दुप्पट, बल दुप्पट, आणि क्लिअरन्सचे प्रमाण निम्मे होऊन ३ टक्क्यांवर येते. म्हणून दुहेरी पत्रा ओळखून प्रेस थांबवणारी योजना साच्याच्या संकल्पनाचाच भाग मानावी.

हंगाम संपल्यावर साचा पुसून, तेल लावून आणि पंच डायला टेकू नये म्हणून मध्ये लाकडी ठोकळे ठेवून बंद करतात. त्या वेळी निघालेले शेवटचे झाकण आणि चकत्या कापून उरलेल्या पत्र्याच्या जाळीचा एक तुकडा साच्यालाच तारेने बांधून ठेवावा. पुढे ग्राइंडिंगपूर्वी त्या झाकणाच्या परिघावर चार ठिकाणी बर मोजावी. ती सर्वत्र सारखी असेल तर धार बोथट झाली आहे. एका बाजूस अधिक असेल तर ग्राइंडिंगच्या आधी बुश तपासावेत.