सूर्याच्या बळावर उडायला वीस वर्षे का लागली?

सिलिकॉनचा उपयुक्त सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 1954 साली जगासमोर मांडला. चारच वर्षांत, म्हणजे 1958 साली, व्हॅनगार्ड-1 या उपग्रहावर बसून तो अवकाशात पोहोचला. पण केवळ सूर्यप्रकाशावर चालणारे विमान उडायला 4 नोव्हेंबर 1974 हा दिवस उजाडावा लागला. अवकाशात गेलेल्या घटाला जमिनीपासून शंभर मीटर वर जायला आणखी सोळा वर्षे का लागावीत?

उत्तर वजनात आहे. उपग्रहाला वर नेण्याचे काम अग्निबाण करतो. घटाने फक्त रेडिओपुरती वीज पुरवायची असते. विमानाला मात्र स्वतःचे वजन सतत तोलून धरावे लागते. म्हणून एकूण वीज किती, यापेक्षा दर किलो वजनामागे किती वॅट, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आम्हा मित्रांना हा हिशेब खऱ्या अर्थाने उमगला तो साकीनाक्याच्या एका गाळ्यात, सौरऊर्जेवर चालणारे छोटे दूरनियंत्रित विमान बांधताना. विमानतळ इतका जवळ, की तिथे ते उडवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे वजनकाटा हेच आमचे मैदान झाले. बाल्साची पट्टी, मोटर, तार, गोंद, सारे काही ग्रॅममध्ये तोलले जाई. सौरघट पापडासारखा ठिसूळ. त्याला आधार द्यावा तर वजन वाढते; न द्यावा तर पंख वाकताच तो तडकतो.

हीच ओढाताण 1974 साली रॉबर्ट बाऊचर यांच्यापुढे होती. कॅलिफोर्नियातील एका कोरड्या तळ्यावर उडालेले त्यांचे ‘सनराइज’ हे विमान दूरनियंत्रितच होते. पंखांवर 4096 घट, शक्ती सुमारे 450 वॅट, वजन सुमारे 12 किलो. म्हणजे किलोमागे 37 वॅट. आज गच्चीवर बसवतो ते पॅनेल काच आणि चौकटीसह नुसते तोलले, तरी किलोमागे वीसेक वॅटच मिळतात! 1975 सालच्या दुसऱ्या ‘सनराइज’मध्ये घट थोडेच वाढले, 4480 झाले. पण ते अधिक कार्यक्षम होते आणि विमानही हलके, सुमारे 10 किलोचे. शक्ती 600 वॅटवर गेली आणि किलोमागचा आकडा 58 च्या आसपास पोहोचला.

पुढे याच हिशेबावर ‘सोलर इम्पल्स-2’ उभे राहिले. पंखांचा विस्तार 72 मीटर, घट 17,248, वजन अवघे 2300 किलो. मार्च 2015 मध्ये मस्कतहून निघून ते अहमदाबादला उतरले, तेही रात्री. दिवसा साठवलेली वीज तेव्हा कामी आली.

वर्गात विमान बांधणे जमेलच असे नाही. हिशेब मात्र नक्की जमेल. एक लहान सौरघट, खेळण्यातली मोटर, मल्टिमीटर आणि वजनकाटा एवढे पुरे. मोटर फिरत असताना व्होल्ट आणि अँपिअर मोजावेत, त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला साऱ्या साहित्याच्या वजनाने भागावे. हेच दुपारी बारा वाजता करावे आणि पुन्हा चार वाजता. मग मुलांना विचारावे, हे उडेल का? आणि नसेल, तर आधी काय बदलाल: घट की वजन?