स्किझोफ्रेनिया : लक्षणांपलीकडचे जगणे

पनवेल - जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील कोन हे गाव मुंबईकरांना ठाऊक झाले ते गिरणी कामगारांच्या घरांमुळे. येथील २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली. लालबाग-परळच्या चाळींत हयात घालविलेल्या कुटुंबांसाठी महामार्गालगतच्या या इमारती म्हणजे वेगळाच मुलूख. चाळीतील एखादा मुलगा कॉलेज अर्ध्यावर सोडून दिवसभर गॅलरीत बसून राहतो, स्वतःशीच पुटपुटतो, हे मजल्यावर कोणापासून लपत नसे. त्याची टिंगल करणारे असत, तसेच त्याला चहा विचारणारेही असत. बंद दाराच्या सदनिकेत टिंगल होत नाही, पण चहा विचारायलाही कोणी येत नाही. स्किझोफ्रेनिया झालेल्या व्यक्तीच्या जगण्याचा दर्जा ठरविताना हा फरक गोळ्यांच्या मात्रेइतकाच मोलाचा असतो.

'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये प्रथम वापरला. मराठीत त्याला 'छिन्नमनस्कता' म्हटले जाते आणि त्यातून एका माणसात दोन माणसे वावरतात, असा गैरसमज रुजला आहे. तसे काही नसते. विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची सांगड सुटणे, हा या आजाराचा गाभा आहे. (परस्परविरोधी धोरणांना 'स्किझोफ्रेनिक' म्हणण्याची सवय आम्हा पत्रकारांनाही आहे. ती सोडलेली बरी.) जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे दर ३०० व्यक्तींमागे एकीला हा आजार आहे. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधी ना कधी स्किझोफ्रेनिया वा तत्सम मनोविकार झालेल्यांचे प्रमाण १.४ टक्के आढळले. या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही बाब आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

आजार बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास, पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा काहीसा लवकर सुरू होतो. शिक्षण, नोकरी, लग्न या तिन्ही गोष्टी ठरण्याचे हेच वय. त्यामुळे आजार पुढे आटोक्यात आला तरी हुकलेली वर्षे परत मिळत नाहीत.

'आळशी' नव्हे, आजारी

कानात आवाज येणे, कोणी आपल्यावर पाळत ठेवत आहे असे वाटणे, ही लक्षणे चटकन नजरेत भरतात आणि घरचे धावाधाव करतात. औषधांनी बहुतेकांची ही लक्षणे कमी होतात. क्लोरप्रोमाझिन हे पहिले परिणामकारक औषध १९५२ मध्ये वापरात आले. त्यानंतर अनेक औषधे आली, इतर औषधे लागू न पडणाऱ्यांसाठी क्लोझापिन उपलब्ध झाले, रोज गोळी घेणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ठरावीक दिवसांनी घ्यावयाची इंजेक्शने आली.

परंतु आजाराची दुसरी बाजू शांत असते. उत्साह आटतो, बोलणे तुटक होते, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, अंघोळ टळते, लक्ष एकाग्र होत नाही. या लक्षणांवर आजची औषधे फारशी चालत नाहीत. आणि माणूस कामावर टिकेल का, त्याला मित्र राहतील का, हे प्रामुख्याने याच लक्षणांवर अवलंबून असते. घरातील कलह येथे सुरू होतो. 'आता भास होत नाहीत ना, मग कामाला का जात नाहीस?' या प्रश्नाला त्या मुलाकडे उत्तर नसते, आणि विचारणाऱ्या वडिलांनाही तो आजाराचाच भाग असल्याचे कोणी सांगितलेले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जगण्याचा दर्जा मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या जडणघडणीत दिल्ली आणि चेन्नई येथील केंद्रांचाही सहभाग होता. मूळ प्रश्नावली १०० प्रश्नांची, संक्षिप्त २६ प्रश्नांची. शरीर, मन, माणसांशी असलेले संबंध आणि भोवतालची परिस्थिती, असे तिचे चार भाग आहेत. झोप पुरेशी होते का, गरजेपुरते पैसे हाती असतात का, विरंगुळ्याला वाव आहे का, जाण्या-येण्याची सोय बरी आहे का, अशा साध्या गोष्टी तीत विचारलेल्या असतात. उत्तर द्यावयाचे ते त्या व्यक्तीनेच. डॉक्टरांच्या कागदावर 'प्रकृती स्थिर' असा शेरा असलेला रुग्ण या प्रश्नांना काय उत्तर देईल, हे शेऱ्यावरून कळत नाही.

जाण्या-येण्याचा प्रश्न कोनसारख्या ठिकाणी किरकोळ नाही. मनोविकार विभागासाठी कामोठ्याचे वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे, तर सोबतीला कोणी तरी लागतो आणि त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. एक-दोन खेपा चुकल्या की गोळ्या संपतात. गोळ्या थांबल्या म्हणून लगेच काही होत नाही, त्यामुळे त्यांची गरजच नव्हती असे वाटू लागते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी आजार उलटतो.

शरीराकडेही दुर्लक्ष होते. अनेक औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते, काहींनी हातापायांना कंप सुटतो. त्यातच धूम्रपान आणि दिवसभराचे बसणे. या आजाराच्या व्यक्तींना अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, तो बऱ्याच अंशी हृदयविकार, मधुमेहासारख्या शारीरिक आजारांमुळे. मनोविकाराच्या रुग्णाने छातीत दुखते असे सांगितले, तर ते 'भास' म्हणून सोडून देऊ नये.

घर : औषध आणि अपायही

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली होती. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते, त्याचा राग केला जातो किंवा त्याची अतोनात काळजी वाहिली जाते, त्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. १९८० च्या दशकात चंडीगड परिसरात हीच पाहणी झाली, तेव्हा तेथील घरांत टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा कमी दिसले. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान वाटावा असा हा निष्कर्ष. मात्र ती पाहणी चार दशकांपूर्वीची, माणसांनी भरलेल्या घरांतील होती. दोन खोल्यांत सत्तरीची आई आणि चाळिशीचा मुलगा, एवढेच घर उरले असेल तर या निष्कर्षावर किती विसंबायचे, हा प्रश्न आहे. 'माझ्यानंतर याचे काय?' ही विवंचना अशा आई-वडिलांच्या बोलण्यात हमखास येते.

या विवंचनेला वाट देणारे काम पुण्यात उभे राहिले. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकविणारे, मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा आजार जवळून पाहिला होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' हे या संस्थेत रूढ झालेले शब्द. नाव बदलल्याने आजार बरा होत नाही, परंतु 'वेडा' आणि 'वेड्याची आई' यांपेक्षा वेगळे काही म्हणवून घेता येणे, हेही थोडके नव्हे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट याच विषयावरचा. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेल्या शेषमुळे आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीमुळे हा आजार मराठी घरांत उघडपणे बोलला गेला.

घरपोच मदतीने काय साधते, याची पडताळणी सातारा, गोवा आणि तमिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते, जे डॉक्टर नव्हते, घरी जात, आजार समजावून देत, औषधांची व शारीरिक प्रकृतीची चौकशी करीत, कामधंद्याकडे वळण्यास मदत करीत. वर्षभरानंतर केवळ रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या रुग्णांचे परावलंबित्व काहीसे कमी झाले. सुधारणा माफक होती आणि ती तमिळनाडूतील केंद्रात अधिक ठळक दिसली. चमत्काराचा दावा नसल्यामुळेच हे निष्कर्ष अधिक विश्वासार्ह वाटतात.

कायदा काय देतो?

मानसिक आजार हे अपंगत्व असल्याचे कायद्याने मान्य केले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास शासकीय नोकरीतील राखीव ४ टक्क्यांपैकी १ टक्क्यात वाटा मिळतो. हा १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आदींसह वाटून घ्यावयाचा आहे. तरीही अनेक कुटुंबे प्रमाणपत्र घेत नाहीत. आजारावर सरकारी शिक्का बसेल, धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, ही भीती असते आणि ती निराधार म्हणता येत नाही.

लग्नाबाबतही समज अर्धवट आहेत. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचा थेट उल्लेख आहे. परंतु निव्वळ आजाराचे नाव पुरेसे नाही, सहजीवन अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता सिद्ध व्हावी लागते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच दिला आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने बंदी घातली आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले. कुटुंब स्वीकारत नाही किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असेही हा कायदा सांगतो. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांची आहे.

महामार्ग आणि रेल्वे यांच्या जवळ असलेल्या पनवेल परिसरात या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कोनहून जुन्या महामार्गाने चौकपर्यंत जाऊन कर्जतकडे वळले, की पुढे श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र लागते. गटाराचे पाणी करवंटीने पिणारा एक तरुण पाहिल्यानंतर डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ मध्ये मुंबईत हे काम सुरू केले. कर्जतचे केंद्र २००६ पासूनचे. डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे रुग्णाला कायमचे ठेवून घेतले जात नाही. उपचारानंतर नाव-गाव आठवू लागले की संस्थेचे कार्यकर्ते त्याला घेऊन थेट त्याच्या गावी जातात, मग ते गाव कोणत्याही राज्यातील असो, आणि घरच्यांना आजार व औषधे समजावून देतात. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेला, मेला असे समजून सोडून दिलेला मुलगा दारात उभा राहतो. त्या दिवशी सारे गाव लोटते. महिन्यानंतरच्या गोळ्या कोण आणणार, हे मात्र त्या घरालाच ठरवावे लागते.

पनवेल परिसरातील कुटुंबांना कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्यावर रुग्णाप्रमाणेच त्याची काळजी घेणाऱ्यांनाही बोलता येते.