धुराची चव: आयला बेटाची व्हिस्की

आज आपण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावर जाऊ. बेटाचं नाव आयला. हसू नका, उच्चार तसाच आहे!

इथल्या सिंगल माल्टचा पेला नाकाशी नेला की आधी धूर येतो, मागून टिंक्चर आयोडीनसारखा वास. हा वास कुणी हौसेनं घातलेला नाही, तो गरजेतून आला. बेटावर झाडं कमी आणि कोळसा नाही. त्यामुळे जळण एकच, पीट. म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. मोड आलेलं सातू त्याच आगीवर वाळवायचे आणि धूर दाण्यात उतरायचा. मुख्य भूमीवर रेल्वेनं कोळसा पोचवला, तिथला धूर हळूहळू ओसरला.

आयलाची व्हिस्की बहुतेक ब्लेंडमध्येच जायची. मंदी आली तशी १९८१ मध्ये आर्डबेग आणि १९८३ मध्ये पोर्ट एलन डिस्टिलरी बंद पडली. आज त्याच धुरासाठी लोक जास्त पैसे मोजतात. पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

पण पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तेव्हा दोन थेंब पाणी घालून सावकाश चव घेताना आपण हेही विचारायला हवं: हे जळण किती पिढ्या पुरणार?