काळी माती उजेडाला काय सांगते?



आपल्याकडे गावाचे दोन भाग मानत आले: पांढरी आणि काळी. पांढरीत घरं, काळीत पिकं. काळी, बरड, मुरमाड, चोपण ही नावं कुठल्या प्रयोगशाळेनं दिलेली नाहीत. ढेकूळ हातात फोडून, ओल बघून लोकांनी ती ठेवली. त्यात खुरपणाऱ्या बायकांचे हात किती होते, ते सातबाऱ्यावर दिसत नाही.

पण रंग फसवतोही. आपल्या चिकलठाण्याच्या नावातच कानाला चिखल ऐकू येतो. इथली काळी माती बसाल्ट खडक झिजून झालेली. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. काळी म्हणजे कसदार, असं आपण धरून चालतो. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पालाश बहुधा भरपूर असतं हे खरं. पण सेंद्रिय कर्ब, नत्र आणि स्फुरद कमी, जस्त-लोहाचीही ओढ. तो काळेपणा शेणखताचा नव्हे. उलट राख, शेण, हाडं मुरलेली जुन्या पांढरीची माती लोक गाड्या भरून शेतात टाकत. (तिच्याबरोबर जुन्या वस्त्यांच्या खुणाही गेल्या, त्याची हळहळ उत्खनन करणाऱ्यांना आहे.)

मग डोळ्याला न दिसणारं कसं बघायचं? 1800 साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथंही पारा चढला. तो अदृश्य उजेड म्हणजे अवरक्त किरण. पुढं 1965 साली अमेरिकेत बॉवर्स आणि हँक्स यांनी दाखवलं की मातीतली ओल, सेंद्रिय पदार्थ आणि कणांचा आकार यांप्रमाणं माती उजेड कमी-जास्त परतवते. आपल्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या संशोधकांनीही जिल्ह्यातल्या मातीवर हे काम केलं आहे.

त्या यंत्राला स्पेक्ट्रोरेडिओमीटर म्हणतात. माती वाळवून, चाळून ताटलीत ठेवायची, वरून दिवा सोडायचा. आधी पांढऱ्या तबकडीवरून किती उजेड परततो ते मोजायचं, मग मातीवरून. आपला डोळा साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा उजेड बघतो. हे यंत्र 350 ते 2500 पर्यंत बघतं. 1400 आणि 1900 च्या आसपास पाणी उजेड गिळतं, 2200 जवळ चिकणमाती. म्हणजे आलेखात तिथं खड्डा पडतो. आम्ल नको, रसायन नको, निकाल काही सेकंदांत.

इथंच नीट ऐका. ओल, चिकणमाती, चुनखडी, सेंद्रिय कर्ब यांची खूण उजेडात उमटते. स्फुरद आणि पालाश यांची स्वतःची ठळक खूण नसते. आधी शेकडो नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, त्यांचे आलेख त्या निकालांशी जुळवायचे आणि मग नव्या मातीचा अंदाज बांधायचा, असा हा हिशेब आहे. ज्या मातीवर तो बसवला, तिथं बरा चालतो. कोकणच्या तांबड्या मातीवर शिकलेलं यंत्र आपल्या काळीत चुकणारच. आणि चुकलं की खताची नको ती गोणी येते, बचत गटाच्या कर्जातून.

2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 बाबी असतात, त्या मूळ योजनेत रसायनांनीच तपासायच्या. ती पत्रिका घरात असेल तर शोधून ठेवा. उद्या कोणी हातातलं यंत्र घेऊन दारात आलं, तर त्याला विचारा: हे कुठल्या मातीवर बसवलंय? मराठवाड्याचे किती नमुने होते? आमच्या पत्रिकेशी आकडे जुळतात का, ते आधी दाखवा. नमुना मात्र तुम्हीच काढा. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती नको; शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या, माती एकत्र करा, सावलीत वाळवा.